रक्त आलं न्हाई

आमच्याकडं कुणाच्या डोक्याला मार लागला की लोक आधी एकच विचारतात, रक्त आलं का? आलं असेल तर हळद, फडकं, जीप, धावपळ. आलं नसेल तर चहा. माझ्या भावाला चहा पाजला.

कारखान्याचा सीझन चालू होता. त्या दिवसांत माजलगावहून आमच्या गावाकडं येणारा रस्ता रस्ता राहत नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर घराच्या छपराएवढा ऊस, आणि मागं पडत गेलेला ऊस चाकाखाली चिरडून डांबरावर पसरलेला. त्या चिपाडाचा रस सांडून रस्ता चिकट-निसरडा होतो. दादा दुपारी दुकानातून जेवायला घरी येत होता. पुढचं चाक चिपाडावर गेलं, गाडी आडवी झाली आणि तो कानाच्या वरच्या बाजूनं डांबरावर आपटला. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं. त्याला ओरखडाही आला नाही.

कुणाच्या ट्रॉलीतला ऊस होता? कुणाच्याच नाही. पडलेल्या उसावर नाव नसतं. याच वाक्यावर मी नंतर एक अख्खं पत्रक लिहिलं. ट्रॅक्टरवाल्यांनी ते वाचलं, एकमेकांना वाचून दाखवलं आणि हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. त्यांच्यातल्या एकाचा मेहुणाही असाच चिपाडावरून घसरला होता, आणि तो ऊस कुणाचा ते त्यांनाही सापडलं नव्हतं.

दादा पडला तसा उठला. पँट झटकली. टपरीवाल्यानं बाकड्यावर बसवून चहा दिला, डोकं चाचपून बघितलं. टेंगूळ पण नीट आलेलं नव्हतं. चारदोन लोक जमले होते, त्यांनीही बघितलं. रक्त न्हाई, देवानं वाचवलं, असं ठरलं आणि लोक आपापल्या कामाला गेले. दादानं स्वतः गाडी उचलली, स्वतः चालवत घरी आला, भाकरी खाल्ली. खाल्लेलं थोड्या वेळानं उलटून पडलं. माय म्हणाली, ऊन लागलं. लिंबू-साखर दिली. तो म्हणाला, झोप यायलीय. माय म्हणाली, "दमलंय लेकरू. झोपू द्या."

त्याला झोपू दिलं. कुणी आवाज केला नाही, आबांनी रेडिओसुद्धा बंद केला. दिवेलागणीला माय उठवायला गेली तेव्हा तो घोरत होता, पण ते घोरणं झोपेतलं नव्हतं. एक डोळा उघडून बघितला तर बाहुली काळीभोर, मोठी झालेली.

मी तेव्हा बीडच्या बसस्टँडसमोर पत्रकं वाटत होते, मुलींच्या लग्नाच्या वयाबद्दल. मी ज्या बायकांच्या संघटनेत काम करते तिथं आम्हाला शिकवलेलं आहे की पत्रकात तीन गोष्टी स्पष्ट पाहिजेत. काय झालं, कुणी केलं, आमची मागणी काय. मागणी नसेल तर ते पत्रक नाही, रडगाणं आहे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात मागणी कुणाकडं करायची ते मला अजून सापडलेलं नाही.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. कवटीच्या आत रक्त साठलं होतं आणि मेंदू एका बाजूला दाबला गेला होता. आमचा सगळा गाव बाहेर बघत होता, रक्त आत होतं. डॉक्टर रागावले नाहीत. दमलेला माणूस बोलतो तसं त्यांनी विचारलं, दुपारी का नाही आणलं? आबा म्हणाले, "साहेब, चांगला बोलत होता की." डॉक्टर म्हणाले, सगळेच बोलतात.

कवटीचा तळहाताएवढा तुकडा कापून काढला, सूज उतरायला जागा पाहिजे म्हणून. आणि तो तुकडा टिकावा म्हणून दादाच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला. हे मला खरं वाटलं नव्हतं. पण माय ते पहिल्या दिवसापासून खरं मानून चालली. त्याच्या बेंबीच्या उजव्या अंगाला तो टणक उंचवटा हाताला लागायचा. ती त्यावर तळवा ठेवून बसायची, पोटुशी बाई स्वतःच्या पोटावर ठेवते तसा. डोक्याला हात लावायची तिची हिंमत नव्हती. तिथं कातडी खाली-वर व्हायची.

घरी आणल्यावर बघायला रीघ लागली. गावातल्या पोरांना तर मजाच झाली. त्याच्या एका मित्रानं विचारलं, "डोकं पोटात हाय म्हनं. मंग आता इचार करताना ढेकर येतो का बे?" दादा हसला. सगळ्यांबरोबर हसला आणि सगळे थांबल्यावरही हसत राहिला. आधी बरं वाटलं. मग मित्रानं माझ्याकडं बघितलं, मी मायकडं बघितलं. तो मित्र परत आला नाही.

पुढं दुसरं ऑपरेशन झालं आणि तुकडा जागेवर बसवला. गाव म्हणालं, झालं, बसवलं डोकं, आता पैलवान. हातपाय चालत होते. भाषा होती. माणसं ओळखत होता, लहानपणीची भांडणं आठवत होती. वरून काय गेलंय ते कुणाला दिसेना. मला सांगता येतं, कारण मी त्याच्या हाताखाली राबलेली बहीण आहे.

दादा मोटारी भरायचा. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळली की शेतकरी त्याच्याकडं आणायचे. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यांनी भरायची. एक वेढा कमी-जास्त झाला तर मोटार पाणी ओढत नाही, नाहीतर पुन्हा जळते. तो गाणं ऐकत, गिऱ्हाइकाशी बोलत वेढे मोजायचा आणि चुकायचा नाही. मोटार उघडण्याआधी नाक लावून सांगायचा, वार्निश जळलंय का नुसतं बेअरिंग गेलंय. आता नाक गेलं होतं. मायनं दूध करपवलं तरी तो शेजारी बसून राहायचा. आणि वेढे मोजता मोजता मध्येच थांबायचा, तारेकडं बघायचा, आणि पहिल्यापासून सुरू करायचा. मग पुन्हा थांबायचा. मग हातातली पक्कड भिंतीवर.

राग हा तर नवाच होता. आमच्या घरात हात उचलणारा माणूसच नव्हता. आबा फार तर जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. दादानं भाजीत मीठ कमी म्हणून मायच्या तोंडावर ताट फेकलं. थोड्या वेळानं येऊन विचारलं, "माय, तोंडाला काय लागलं गं?" नाटक नव्हतं ते. त्याला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूचा पुढचा भाग मार खाल्लेला आहे, तिथं माणसाचा ब्रेक असतो. गोळ्या आहेत, थोडा फरक पडेल. मी विचारलं, बरा कधी होईल? ते म्हणाले, जेवढा झालाय तेवढा झालाय.

मायला हे मी शब्दाला शब्द सांगितलं. तिनं लिंबागणेशच्या गणपतीला नारळ वाढवला, कुठल्या तरी दर्ग्यातला धागा बांधला. मी त्यावर तोंड सोडलं तर म्हणाली, तुझ्या गोळ्यानं तरी काय केलं. म्हणून मी पत्रक लिहिलं. डोक्याला मार लागल्यावर रक्त आलं नाही तरी उलटी, गुंगी, न थांबणारी डोकेदुखी, वेड्यावाकड्या बोलण्याकडं लक्ष द्या, लगेच दवाखाना गाठा. हेल्मेट आरशाला घालायची वस्तू नाही. छापलं, बाजारच्या दिवशी वाटलं. संध्याकाळी त्याच कागदात भजी बांधून मिळाली. भजीवाला म्हणाला, "ताई, तुमचा कागद चांगलाय, तेल लागत न्हाई."

मग परळीचे मामा आले.

मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ. परळीत कापडाचं दुकान, तोंडात विडा, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी दादाला समोर बसवून चार गोष्टी विचारल्या, दादानं नीट उत्तरं दिली. मामा म्हणाले, पोरगं तर ठणठणीत हाय, ह्याचं लगीन करून टाका. बायको आली की डोकं ठिकाणावर येतं. आमच्याकडं हे औषध सगळ्या रोगांवर चालतं. दारू, जुगार, आळस, घाबरट, वेडसर, सगळ्याला बायको. ह्या औषधाला काय होतं ते कुणी विचारत नाही.

मी भांडले. असं भांडले की आबा उठून बाहेर गेले. तो मायवर हात टाकतो, तिच्या डोळ्याखाली अजून काळं आहे, आणि तुम्ही कुणाची पोरगी आणून त्याच्या हाताखाली देणार? माय तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली,

"मी मेल्यावर त्याला कोन बगंल?"

"म्हणून दुसऱ्याच्या पोरीनं?"

"तू बगतीस का? सोड तुजे कागद. ऱ्हा घरी, बस त्याच्यापाशी जलमभर. बगतीस?"

खोटं सांगता आलं असतं. पण मायला खोटं लगेच कळतं.

"मंग बाई, त्वांड बंद ठिव."

तोंड बंद ठेवायचं नाही, एवढं मात्र मी मनाशी पक्कं केलं. भावाला मी सांभाळणार नाही, ठीक आहे. पण ज्या पोरीला बघायला जातील तिला सगळं कळल्याशिवाय ती ह्या घरात येणार नाही. खरं सांगायचं, पुराव्यानिशी सांगायचं, तोंडावर सांगायचं. संघटनेत आम्ही दुसरं करतो तरी काय? खरं कळलं की माणूस योग्य तो निर्णय घेतो, ह्यावरच तर आमचा कारभार चालतो.

मामांनी डोंगरपट्ट्यातलं स्थळ काढलं. तिकडं पाणी नाही, जमिनी मुरमाड, दसरा झाला की गावं रिकामी होतात, सगळे ऊसतोडीला. मामांना वाटत होतं तिकडचे लोक फार चौकशी करणार नाहीत. पोरगी एकोणीस वर्षांची होती. मी आधी वय विचारलं. अठराच्या आत असती तर एक फोन पुरला असता.

बघायच्या दिवशी मायनं दादाला स्वतः घासून आंघोळ घातली. केसांना तेल लावून ते वणाच्या अंगाला वळवले आणि वरून पांढरी टोपी घातली. तिशीच्या आतला माणूस आमच्याकडं टोपी घालत नाही, पण मामा म्हणाले, संस्कार दिसतात. जीपमध्ये मामा त्याला शिकवत होते. विचारलं तरच बोलायचं. हसू आलं तर खोकायचं. दादा शहाण्या लेकरासारखी मान हलवत होता.

पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, सतरंजी. पोरीचा बाप वाकलेला, हाताची बोटं कोयता धरून धरून तशीच वळलेली. दादाला त्यानं विचारलं, काय करता पाव्हणं? दादा म्हणाला, "मोटारी भरतो." अगदी पडण्याआधीच्या, भरल्या आवाजात म्हणाला. मायनं पदर तोंडाला लावला. पोहे आले. दादानं आपली बशी संपवली आणि सरळ हात घालून मामांची बशी ओढली. मामा लगेच म्हणाले, खाणारा गडी कामाला वाघ असतो. लोक हसले. दादा खोकला.

मी उठून आत गेले. पोरगी चुलीपाशी बसली होती, नवी साडी अंगावर टोचत असल्यासारखी. तिच्या आईला म्हटलं, मला हिच्याशी बोलायचंय, आणि त्या माउलीसमोरच बोलले. गोल गोल काही नाही. म्हटलं, माझ्या भावाच्या डोक्याला मार लागलाय. टोपीखाली टाके आहेत. तो वाईट नाही, पण त्याला राग आवरत नाही आणि मारलेलं त्याला आठवत नाही. तो बरा होणार नाही. तो तुला मारील.

ती खाली मान घालून ऐकत होती. तिची आई थिजल्यासारखी उभी. पोरीनं मान वर केली. डोळे अगदी कोरडे. मला वाटलं, आता ती नाही म्हणेल, आणि बाहेर जाऊन ते तिच्या वतीनं सांगायचं बळ माझ्यात आहे.

ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडं कोयत्याला जावं लागतं का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झालं की जोडीनं फडावर, पालात राहायचं, पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. तिची आई तेच करून तिशीतच म्हातारी झालेली समोर उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडं कालव्याचं पाणी आहे. पण मी काय सांगते ते..."

"ऐकलं की," ती म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

मी बाहेर आले आणि तेच सगळ्यांसमोर सांगितलं. सतरंजीवर, मामांच्या तोंडासमोर, मायसमोर, आणि दादासमोर. दादा तिथंच बसला होता आणि मी त्याच्याबद्दल, तो नसल्यासारखं, एकेक कलम वाचत होते. मामांचा विडा तोंडातच राहिला. मग दादानंच टोपी काढली. पोरीच्या बापाकडं सरकला आणि डोकं वाकवून त्याच्यापुढं धरलं.

"हात लावून बगा," तो म्हणाला. "आदी पोटात ठिवलतं. आता बसवलंय बराबर."

गिऱ्हाईक शंका काढायला लागलं की तो मोटार अशीच पुढं करायचा. म्हाताऱ्यानं हात पुढं केला. त्या वळलेल्या बोटांनी त्याचं डोकं सावकाश चाचपलं, टाक्यांच्या रेघेवरून कानापर्यंत आणि परत. म्हणाला, "बसलंय की."

मग माझ्याकडं वळला. चिडला नव्हता. मला समजावून सांगत होता.

"बाई, माज्या थोरल्या पोरीचा नवरा धडधाकट हाय. डोक्याला काय बी लागलेलं न्हाई. त्यो बी मारतोच. तुमी निदान आदी सांगितलं, असं कोन सांगतं?"

मामांनी सुपारी फोडायला घेतली.

त्यानंतर मी बीडला जाऊन संघटनेच्या वकील बाईंना गाठलं. त्या मोठ्या लढवय्या, कोर्टात भल्याभल्यांची फे फे उडवणाऱ्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मुलगी सज्ञान आहे का? आहे. जबरदस्ती? नाही. हुंडा? मागितला नाही. मग म्हणाल्या, आजार लपवून लग्न लावलं असतं तर फसवणूक म्हणून काहीतरी करता आलं असतं. आता तूच चारचौघांत सांगून बसलीस आणि त्यांनी कबूल केलं. फसवणूक कुठाय?

म्हणजे त्या पोरीला उद्या सुटायचं म्हटलं तर जो एक दरवाजा होता, तो माझ्या खरं बोलण्यानं बंद झाला. वकील बाई म्हणाल्या, असं मनाला लावून घेऊ नको, तुझं बरोबरच होतं. बरोबरच होतं. मी अजूनही तेच म्हणते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगीन. पण बरोबर असल्याचा त्या पोरीला काय उपयोग झाला, हे मला कुणी सांगावं.

लग्न झालं. फेटा बांधल्यावर दादा राजबिंडा दिसत होता. फेट्याखालचं काहीच दिसत नव्हतं.

वहिनी माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण मी तिला वहिनीच म्हणते. ती आली आणि मायनं तिच्यावर दादाला सोपवून दिलं, डोक्यावरचा भारा उतरवावा तसं. दोन महिन्यांत माय अंगानं भरली. वहिनी कमी बोलायची. तिनं दादाला निरखून घेतलं होतं. कपाळाची शीर उठली की ती जेवणाचं ताट न बोलता उचलायची, बाहेर गल्लीतल्या पोरांचा दंगा असेल तर दार लावून घ्यायची, स्वतः त्याच्या हाताच्या टप्प्यात उभी राहायची नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या घरी पाहिलं असावं.

आणि एक दिवस तिनं असं काही केलं की मला आशा वाटली. मला आशेचा राग येतो, तरी वाटली. दुकानात धूळ खात पडलेल्या एका मोटारीपुढं ती दादाबरोबर बसली आणि त्याचे वेढे मोठ्यानं मोजायला लागली. तो तार फिरवतोय, ती मोजतेय. तो थांबला की तीही थांबायची, आणि तो सुरू झाला की जिथं सोडलं तिथून पुढचा आकडा. हात त्याचे, मोजणं तिचं. ती मोटार विहिरीवर बसवली आणि तिनं पाणी ओढलं. शेतकऱ्यानं चार लोकांना सांगितलं. आबा कितीतरी दिवसांनी दुकानापुढं खुर्ची टाकून बसले. माय मला म्हणाली, "बग. मामा म्हनत व्हता ना." काय बोलणार, मोटार चालली होती.

मग ह्या उन्हाळ्यातली एक दुपार. मी गावी गेले होते. पाणी आटलेलं, त्यामुळं जळक्या मोटारी भरपूर. दोघं दुकानात कामाला बसलेली. वहिनी मोजताना कुणीतरी गिऱ्हाईक दारात आलं, तिनं वळून बघितलं, आणि पुढचा आकडा म्हणाली. दादाला वाटलं ती चुकली. ती म्हणाली, चुकले न्हाई. एवढंच झालं. त्यानं तिला ढकललं. मागं मोटारी ठेवायचा लोखंडी स्टँड होता, त्यावर ती डोक्यानं आपटली. हे मला त्या गिऱ्हाइकानं सांगितलं. वहिनीनं नाही. ती चालत घरी आली, पदर डोक्यावरून घेऊन, आणि भाकरी करायला बसली.

मी तिच्या डोक्याला हात लावला तसं तिनं अंग चोरलं. मागं चांगलं टेंगूळ होतं. मायनं मान वळवून विचारलं, "रक्त आलं का?"

"न्हाई," वहिनी म्हणाली.

"मंग काय न्हाई."

ज्या बाईच्या पोटच्या पोराचं रक्त आत साठलं होतं, जिनं दीड महिना त्याच्या कवटीच्या तुकड्यावर हात ठेवून काढला, ती बाई हे म्हणाली. मी वहिनीला उठवलं, स्कूटीवर मागं बसवलं. माझं हेल्मेट तिला घालायला गेले तर ते टेंगळावर बसेना. ती म्हणाली, राहू द्या ताई, आता काय.

माजलगावला डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. आत काही नव्हतं. कसं लागलं विचारल्यावर वहिनी म्हणाली, पाय घसरला. मी तोंड उघडलं, तर तिनं टेबलाखालून माझा हात दाबला. एवढ्या जोरात की नखं रुतली. डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा, पण लक्ष ठेवा. उलटी झाली, गुंगी आली, वेडंवाकडं बोलायला लागल्या, तर थांबू नका. माझंच पत्रक मला वाचून दाखवल्यासारखं. त्यांनी विचारलं, घरात लक्ष ठेवायला कोण असतं? आहेत, मी म्हटलं. दिवसभर तिच्याजवळ जो असतो, तो तिचा नवरा.

परत येताना मी गाडी हळू चालवत म्हटलं, माहेरी जातेस का? तिनं मागून विचारलं, "तिथून कुटं?" मी म्हटलं, बीडला चल, माझ्या खोलीवर. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "ताई, दसऱ्याला माय-बाप कोयत्याला जातेत. म्या माघारी गेले तर मलाबी घिऊन जातेल. नायतर दुसरा बगतेल." बीडबद्दल ती काहीच बोलली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. माझी खोली म्हणजे संघटनेच्या ऑफिसातला एक पलंग आहे आणि त्याखाली न वाटलेले गठ्ठे.

घरी आल्यावर ती माजघरात आडवी झाली. मी उशाशी बसले. तिनं विचारलं, "झोप लागायलीय. झोपू का?"

आत काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. झोपायला काही हरकत नव्हती. तरी मला हो म्हणवेना. तिनं वाट बघितली आणि डोळे मिटले. मी तिच्या श्वासाकडं कान लावून बसले.

बाहेर पायांचा आवाज आला. दादा दारात उभा राहिला, हातात पक्कड, कपाळावर घाम. त्यानं वहिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चेहऱ्यावर काळजी होती, खरी काळजी, तो लहानपणी मी तापानं फणफणले की दारात असाच उभा राहायचा.

"हिला काय झालं गं?"

मी सांगितलं. डोकं आपटलं.

"कशावर?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. तो आत आला, तिच्यापाशी गुडघ्यावर बसला, काळ्या तेलकट बोटांनी तिच्या कपाळावरचे केस मागं केले आणि डोकं अलगद चाचपलं, इकडून तिकडं. मग बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली.

"रक्त न्हाई आलं," तो म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. "दमलीय. झोपू दे."

आणि आवाज होऊ नये म्हणून पक्कड बाहेर ठेवून आला.